सगळी काढायची की निवडून? एका तोंडातल्या चार अमाल्गम भरणांचं प्रकरण

रुग्ण बाई, वय ४६. तोंडात चार जुनी अमाल्गमची (पारा आणि चांदीच्या मिश्रधातूची) भरणं, चारही दाढांत. मागणी सरळ होती: "डॉक्टर, चारही काढा आणि पांढरं भरा. पाऱ्याचं काही तोंडात नको." सोबत तक्रारी होत्या. सकाळी उठल्यावर कानशिलं दुखतात, जबडा जड वाटतो, मधूनच तोंडाला धातूची चव येते. खालची उजवी दाढ चावताना कळ मारते. डाव्या गालात आतून काहीतरी झोंबतं, विशेषतः तिखट लागलं की. या सगळ्याचं मूळ पाऱ्यात आहे असं त्यांनी वाचलं होतं. त्यांच्या फॅमिली डॉक्टरांनी लघवीतल्या पाऱ्याची तपासणी आधीच करून घेतली होती आणि आकडा सामान्य मर्यादेत होता. त्याने त्यांचं समाधान झालं नव्हतं.

अशा मागणीला दोन झटपट उत्तरं मिळतात. एक, "काही होत नाही, गैरसमज आहे तुमचा." दुसरं, "काढून टाकू, बसा." दोन्ही उत्तरं तोंड उघडून न बघताही देता येतात, हीच त्यांची अडचण. या बाईंच्या चार दाढा चार वेगवेगळ्या अवस्थांत होत्या.

तोंडात काय दिसलं

खालची उजवी पहिली दाढ: चावण्याच्या पृष्ठभागावरून पुढच्या बाजूच्या फटीपर्यंत उतरलेलं मोठं भरण. दोन भागांना जोडणाऱ्या अरुंद मानेवर आडवी चीर. पुढचा तुकडा प्रोबने (तपासणीच्या टोकदार सळईने) किंचित हलत होता. बाइटविंग एक्स-रेमध्ये (दात मिटवून घेतलेल्या, फटी दाखवणाऱ्या एक्स-रेमध्ये) त्या तुकड्याच्या तळाशी, हिरडीच्या बाजूला, काळसर सावली, म्हणजे भरणाखाली पुन्हा लागलेली कीड. चावण्याच्या कळीचं कारण इथेच होतं.

खालची डावी दुसरी दाढ: भरण चावण्याच्या बाजूने सुरू होऊन गालाकडच्या खाचेतून खाली उतरलेलं. भरण म्हणून फारसा दोष नाही, पृष्ठभाग मात्र काळवंडलेला आणि खडबडीत. त्याच्या बरोबर समोर गालाच्या आतल्या अस्तरावर पांढऱ्या जाळीदार रेषा आणि मध्ये लालसर भाग. उजव्या गालावर, जिभेवर, हिरड्यांवर असं काहीच नाही.

वरची डावी पहिली दाढ: बऱ्याच वर्षांपूर्वीचं भरण, कडा ठिकठिकाणी झिजून दात आणि धातू यांच्यामध्ये बारीक चर पडलेली. एक्स-रेमध्ये कीड नाही.

वरची उजवी पहिली दाढ: लहान भरण, कडा बंद, पृष्ठभाग गुळगुळीत. या दाढेबद्दल लिहिण्यासारखं एवढंच.

शिवाय चारही बाजूंच्या दाढांवर घासल्याची चपटी चकाकती जागा आणि गालाच्या आत दातांच्या रेषेत उमटलेली पांढरी कड. जबड्याचे स्नायू दाबले की दुखत होते. बाई झोपेत दात खात होत्या. घरच्यांना आवाज येत असे, पण दंतवैद्याला सांगण्यासारखी ही गोष्ट आहे असं कुणालाच वाटलं नव्हतं.

हा धातू आहे तरी काय

बाईंना पहिला धक्का बसला तो पाऱ्याच्या प्रमाणाचा. "चांदी भरली" एवढंच त्यांना भरण करताना सांगितलं होतं. अमाल्गममध्ये वजनाने निम्म्याच्या आसपास पारा असतो. उरलेला भाग चांदी, कथील, तांबं आणि कधी थोडं जस्त यांच्या मिश्रधातूची पूड. पारा साध्या तापमानाला द्रव असतो (तो गोठतो उणे ३९ अंश सेल्सिअसच्या जवळ), म्हणून पूड आणि पारा घोटले की काही मिनिटं लगदा राहतो. तो खड्ड्यात दाबून भरता येतो, कोरून दाढेचा आकार देता येतो आणि मग तो तोंडातच कडक होतो. दीडशेहून जास्त वर्षं या पदार्थाने तग धरला तो या एका सोयीवर.

कडक होताना जे घडतं ते समजलं की या चारपैकी दोन दाढांचा उलगडा होतो. पुडीचे कण मुळात चांदी-कथिलाच्या संयुगाचे असतात. तीन अणू चांदीला एक कथील, याला गॅमा अवस्था म्हणतात. पारा कणांच्या बाहेरच्या थरात शिरतो आणि दोन नवी संयुगं तयार होतात: चांदी-पाऱ्याचं गॅमा-१ आणि कथील-पाऱ्याचं गॅमा-२. कणांचा गाभा तसाच राहतो. काँक्रीटमध्ये खडी आणि तिला धरून ठेवणारं सिमेंट असतं तशी ही रचना आहे. जुन्या पद्धतीच्या अमाल्गममध्ये या सिमेंटचा एक हिस्सा, म्हणजे गॅमा-२, फार कच्चा निघतो. तो मऊ असतो, दाबाखाली हळूहळू सरकतो आणि लाळेत सगळ्यांत आधी गंजतो.

अमेरिकन दंतवैद्य जी. व्ही. ब्लॅक यांनी १८९५च्या सुमारास जे प्रमाण बसवलं त्यात चांदी ६७, कथील २७, तांबं ५ आणि जस्त १ टक्का होतं. पुढे जवळजवळ सत्तर वर्षं त्यात फारसा बदल झाला नाही. १९६३मध्ये कॅनडात इनेस आणि युडेलिस यांनी जुन्या पुडीत चांदी-तांब्याचे गोल कण मिसळले. हेतू मजबुती वाढवण्याचा होता, पण खरा फायदा वेगळ्याच बाजूने झाला. तांबं जास्त असलं की कथील पाऱ्याऐवजी तांब्याशी जोडलं जातं आणि गॅमा-२ जवळजवळ तयारच होत नाही. आजच्या उच्च-तांबं अमाल्गममध्ये पुडीतलं तांबं साधारण १२ ते ३० टक्के असतं. फरक किती पडतो? जुन्या अमाल्गममध्ये सरकण्याचं प्रमाण, ज्याला क्रीप म्हणतात, काही वेळा ६ ते ८ टक्क्यांपर्यंत जायचं. चांगल्या उच्च-तांबं अमाल्गममध्ये ते ०.१ टक्क्यापर्यंत खाली येतं.

वरच्या डाव्या दाढेच्या कडांची चर हा बहुतेक याच क्रीपचा आणि गंजण्याचा हिशोब. "बहुतेक" म्हणायचं कारण असं की नुसतं बघून भरण कोणत्या जातीचं आहे हे छातीठोकपणे सांगता येत नाही. काळवंडलेला पृष्ठभाग आणि चर पडलेल्या कडा असल्या की संशय जुन्या प्रकाराकडे जातो, एवढंच.

गंजण्याची एक बाजू मात्र रुग्णांना कुणी सांगत नाही. अमाल्गम दाताला चिकटत नाही. भरल्यावर दात आणि धातू यांच्यात सूक्ष्म फट राहतेच. पुढच्या महिन्यांत कथिलाचे ऑक्साइड आणि क्लोराइड त्या फटीत साचतात आणि ती आपोआप बुजते. जुन्या अमाल्गममध्ये हे लवकर होतं, गंजण्याला दाद न देणाऱ्या नव्या अमाल्गममध्ये सावकाश. त्यामुळे दिसायला ओबडधोबड, कडांना चर पडलेलं जुनं भरण आतून घट्ट बंद असू शकतं. कडेची चर म्हणजे कीड, हे समीकरण बरोबर नाही. त्या जोरावर कितीतरी चांगली भरणं काढली गेली आहेत आणि दर वेळी दाताचा थोडा निरोगी भागही त्यांच्यासोबत गेला आहे.

पाऱ्याचा प्रश्न, टाळाटाळ न करता

बाईंनी थेट विचारलं, "वाफ निघते की नाही?" निघते. कडक झालेल्या अमाल्गममध्ये पारा संयुगात बांधलेला असतो, तरी पृष्ठभागावरून अल्प प्रमाणात वाफ सुटत राहते. चावताना, गरम पेय घेताना आणि दात खाताना ती वाढते. श्वासातून आत गेलेल्या वाफेपैकी सुमारे ८० टक्के शरीर शोषून घेतं. उलट धातूरूप पाऱ्याचा कण गिळला गेला तर आतड्यातून त्यातला नगण्य भाग शोषला जातो. माशांतून येतो तो पारा सेंद्रिय रूपातला असतो, त्याचा शरीरातला मार्ग वेगळा. या तिन्ही गोष्टी एकाच वाक्यात मिसळल्या की भीतीही वाढते आणि खोटा धीरही.

किती वाफ? जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९१च्या अहवालात अमाल्गममधून शरीरात जाणाऱ्या पाऱ्याचा अंदाज दिवसाला ३ ते १७ मायक्रोग्रॅम असा मोठ्या पट्ट्यात दिला होता. नंतरच्या बऱ्याच मोजमापांत तो साधारण १ ते ५ मायक्रोग्रॅम निघाला. परिणामांबाबत सगळ्यांत उपयोगी पुरावा २००६मध्ये आला. एक चाचणी अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागातल्या ५३४ मुलांवर झाली, दुसरी पोर्तुगालच्या लिस्बनमधल्या ५०७ मुलांवर. निम्म्या मुलांना अमाल्गम, निम्म्यांना कॉम्पोझिट, म्हणजे दाताच्या रंगाचं पांढरं भरण. अमाल्गमवाल्या मुलांच्या लघवीत पारा जास्त आढळला, पण बुद्धी, स्मृती, मज्जासंस्था, मूत्रपिंड यांच्या चाचण्यांत दोन्ही गटांत अर्थपूर्ण फरक दिसला नाही. लिस्बनच्याच चाचणीत सात वर्षांनी अमाल्गमची ९४.४ टक्के भरणं टिकली होती, कॉम्पोझिटची ८५.५ टक्के, आणि कॉम्पोझिट अपयशी ठरण्याचं मुख्य कारण होतं पुन्हा लागलेली कीड.

यावरून "अमाल्गम सर्वांना निर्धोक" असं म्हणता येत नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२०मध्ये काही गटांत नवं अमाल्गम शक्यतो टाळावं असं सुचवलं: गरोदर आणि स्तनदा स्त्रिया, लहान मुलं, मज्जासंस्थेचे किंवा मूत्रपिंडाचे विकार असलेले आणि पाऱ्याची ॲलर्जी असलेले. त्याच सूचनेत हेही होतं की चांगल्या स्थितीतलं जुनं अमाल्गम वैद्यकीय गरज नसेल तर काढू नये, कारण काढताना वाफ तात्पुरती वाढते.

बाईंचा पुढचा प्रश्न स्वतःसाठी नव्हता. "माझी मुलगी गरोदर आहे, तिच्या एका दाढेत हेच आहे. तिचं काढून घेऊ?" नाही. भरण दुखत नसेल, तुटलं नसेल, तर गरोदरपणात त्याला हात लावायचा नाही. नवं अमाल्गम भरायचं नाही आणि जुनं विनाकारण उकरायचंही नाही, दोन्ही एकाच कारणासाठी.

गालावरची जाळी

चारपैकी ज्या दाढेत पाऱ्यावर बोट ठेवता येत होतं ती नेमकी कमी दुखणारी निघाली. गालाच्या अस्तरावर पांढरी जाळी दिसली की आधी लायकेन प्लॅनस आठवतो, अस्तरावर अशीच जाळी उमटवणारा एक विकार. पण तो बहुधा दोन्ही गालांवर आणि जवळपास सारखा असतो. इथे एकच गाल, एकच जागा आणि दात मिटल्यावर ती जागा बरोबर भरणावर टेकणारी. धातूच्या सान्निध्याने होणाऱ्या लायकेनॉइड (लायकेनसारख्या दिसणाऱ्या) प्रतिक्रियेचं हे नेहमीचं चित्र आहे. हा विषबाधेचा प्रकार नाही. ही उशिरा उमटणारी ॲलर्जी असते आणि बहुतेक वेळा ती पाऱ्याची निघते.

त्वचारोगतज्ज्ञांकडे पॅच टेस्ट (त्वचेवर पदार्थ चिकटवून ॲलर्जी बघण्याची चाचणी) केली, पाऱ्याच्या संयुगांना प्रतिक्रिया आली. नुसत्या पॅच टेस्टवर मी भरण काढलं नसतं, कारण टेस्ट पॉझिटिव्ह असूनही तोंडात काहीच न झालेली माणसं असतात. इथे टेस्ट आणि जागा दोन्ही जुळत होत्या. लाल भागाची बायोप्सीही केली. ती लायकेन प्लॅनस आणि लायकेनॉइड प्रतिक्रिया यांच्यात नेमका भेद करून देत नाही, तरी पेशींत घातक बदल नाहीत ना हे बघणं गरजेचं होतं, कारण अशा चट्ट्यांची गणना कर्करोगाचा संभाव्य धोका असलेल्या विकारांत होते. तसे बदल नव्हते.

निर्णय आणि काम

दोन काढायची, दोन ठेवायची. खालचं उजवीकडचं तुटलं म्हणून, खालचं डावीकडचं ॲलर्जीमुळे. वरच्या डाव्या दाढेच्या कडा घासून गुळगुळीत करायच्या आणि लक्ष ठेवायचं. वरची उजवी तशीच. बाईंना हे लगेच पटलं नाही. "दोन काढताच आहात तर चार काढायला काय हरकत?" हरकत ही की शाबूत भरण काढताना दाताचा निरोगी भाग थोडा का होईना जातोच, खड्डा मोठा होतो आणि नसेच्या जवळ सरकतो. ॲलर्जी असली तरी तिचा चट्टा फक्त स्पर्शाच्या जागी उमटला होता. वरच्या दोन भरणांजवळचं अस्तर स्वच्छ होतं. खालचा चट्टा गेला नाही किंवा वर नवा उमटला तर उरलेल्यांचा पुन्हा विचार करू, असं ठरलं. या अटीवर त्या राजी झाल्या.

काढण्याची पद्धत दोन्हीकडे सारखी. रबर डॅम (दात बाकी तोंडापासून वेगळा ठेवणारा रबरी पडदा), भरपूर पाणी, जोरदार सक्शन दाताला लागून आणि नवा कार्बाइड बर (कोरण्याचं फिरतं पातं). भरण पूर्ण दळून काढायचं नाही. त्यात उभ्या-आडव्या खाचा पाडायच्या आणि मोठे तुकडे उचकटायचे. जेवढं कमी दळलं जाईल तेवढी वाफ आणि धूळ कमी. तुकडे झाकणबंद डब्यात. ते, किंवा अमाल्गम असलेला काढलेला दात, जाळल्या जाणाऱ्या कचऱ्यात टाकला तर सगळा पारा धुराड्यातून हवेत जातो. हे माहीत असूनही गर्दीच्या दिवशी जाळायच्या कचऱ्याची पिवळी पिशवी जवळ असते म्हणून हात तिकडेच वळतो, हे मी बऱ्याच ठिकाणी पाहिलं आहे.

उजव्या दाढेतलं भरण निघाल्यावर तुटण्याचं कारण समोर आलं. मानेच्या जागी अमाल्गमची जाडी जेमतेम एक मिलिमीटर होती. खाली सिमेंटचा जाड थर. अमाल्गम उष्णतेचा चांगला वाहक असल्याने नसेला झटका बसू नये म्हणून खोल खड्ड्यात असा थर देतात, तेवढं बरोबर होतं. पण थर जाड झाला आणि धातूला जागाच उरली नाही. अमाल्गम दाबाला भक्कम असतं. उच्च-तांबं प्रकार आठवड्याभरात ४०० ते ५०० मेगापास्कलचा दाब सोसतो. ताणाला मात्र ते कमकुवत, ५० ते ६० मेगापास्कलच्या आसपासच. अरुंद, पातळ मानेवर चावण्याचा जोर ताण होऊन येतो. म्हणून किमान दीड ते दोन मिलिमीटर जाडी आणि कडेला जवळपास काटकोन हा नियम आहे. त्यात रोज रात्री दात खाण्याची भर. हे भरण इतकी वर्षं टिकलं याचंच आश्चर्य.

थर काढल्यावर तळाचं डेंटिन (दाताचा आतला कठीण थर) काळं. इथे घाई महागात पडते. अमाल्गममधलं कथील आणि इतर धातू वर्षानुवर्षं डेंटिनमध्ये झिरपून त्याला काळं करतात, त्यामुळे काळं ते सगळं किडलेलं असं नसतं. रंगावर न जाता हाताच्या एक्स्कॅव्हेटरने (खरवडण्याच्या हत्याराने) कठीणपणा पाहिला. पुढच्या फटीच्या तळाशी मऊ, ओलसर भाग होता. तो काढला. नसेच्या वरचा काळा भाग घट्ट होता, खरवडल्यावर कोरडा आवाज येत होता. तो तसाच ठेवला. काळं संपेपर्यंत कोरत गेलो असतो तर नस उघडी पडली असती आणि रूट कॅनाल गळ्यात आलं असतं.

आतल्या मागच्या टेकडीच्या (दाढेच्या उंचवट्याच्या) तळाशी एक तडाही दिसला. अमाल्गम दाताला चिकटत नसल्याने मोठ्या भरणाशेजारच्या टेकड्यांना ते आधार देत नाही. ते फक्त खड्ड्याच्या खाचांमध्ये अडकून बसतं. म्हणून नुसतं नवं भरण पुरेसं नव्हतं, टेकड्या झाकणारा ऑनले (बाहेर घडवून दाढेवर चिकटवायचा तुकडा) हवा होता. हिरडीजवळची खोल कड आधी कॉम्पोझिटने वर आणली आणि त्यावर ऑनले चिकटवला. खरं सांगायचं तर अशी खोल, ओल येणारी कड पूर्वी मी बिनदिक्कत अमाल्गमने भरत असे. थोडा ओलावा ते खपवून घेतं, कॉम्पोझिट अजिबात खपवून घेत नाही. (जुन्या, जस्त असलेल्या अमाल्गमला मात्र ओलावा चालत नसे. जस्त आणि पाणी मिळून हायड्रोजन वायू तयार होई आणि काही दिवसांनी भरण फुगून दाढ ठणकायला लागे.) इथे रबर डॅम आणि मॅट्रिक्स (भरणाला कडेने आकार देणारी पट्टी) नीट बसवण्यातच निम्मा वेळ गेला.

अमाल्गमचा पर्याय यापुढे जवळ ठेवायचा की नाही हा प्रश्न आता दंतवैद्याच्या आवडीनिवडीचा राहिलेला नाही. नॉर्वेने २००८मध्ये आणि स्वीडनने २००९मध्ये ते जवळपास बंद केलं. पाऱ्याविषयीचा मिनामाता करार २०१७मध्ये लागू झाला आणि युरोपीय संघात २०२५च्या सुरुवातीपासून काही वैद्यकीय अपवाद सोडता बंदी आली. या निर्णयांमागे रुग्णाच्या तोंडातल्या वाफेपेक्षा सांडपाणी, कचरा आणि दहन यांतून बाहेर पडणाऱ्या पाऱ्याची काळजी जास्त आहे. बाईंना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "बंदी आली म्हणजे वाईटच की." या वाक्याशी मला भांडावं लागलं, कारण त्याच तर्काने त्या उरलेली दोन भरणं काढायला निघाल्या होत्या.

डाव्या दाढेचं काम सोपं. खड्डा लहान आणि कोरडा ठेवता येण्याजोगा, त्यामुळे थेट कॉम्पोझिट. गालाकडची बाजू नीट पॉलिश केली.

पुढे काय झालं

गालातली झोंबणी काही आठवड्यांत कमी झाली. तीन महिन्यांनी लाली गेलेली, जाळीच्या एक-दोन फिकट रेषा उरलेल्या. सहा महिन्यांनी त्याही शोधाव्या लागत होत्या. तरी दर सहा महिन्यांनी ती जागा बघायची आहे. उजव्या दाढेची कळ गेली, थंडाची संवेदना काही दिवस राहिली आणि तीही गेली. सकाळच्या डोकेदुखीत दोन्ही भरणं काढल्यानंतर काहीच फरक पडला नाही. रात्री दातांवर घालायचा नाइट गार्ड दिल्यावर मात्र ती बरीच कमी झाली. त्या गार्डचा आणखी एक उपयोग आहे: उरलेल्या दोन भरणांवरचं घर्षण कमी, म्हणजे झीजही कमी आणि वाफही. धातूची चव अधूनमधून येते असं त्या सांगतात. तिचं कारण सापडलेलं नाही.

वरच्या डाव्या दाढेचा प्रश्न पूर्ण मिटलेला नाही. कडा घासल्यावर चर उथळ झाली, पण मागच्या कोपऱ्यात प्रोब अजून किंचित अडकतो. वर्षाने बाइटविंग घ्यायचा. त्यात सावली दिसली, किंवा कडेचा तुकडा निघाला, तर ते भरण निघेल. तोवर नाही.